हिंडलग्याच्या कुंपणावरचा लाल आकडा

माझ्या वडिलांच्या नावावर तीन घरं होती आणि आम्ही तिघं दोन खोल्यांत राहत होतो. शहापुरातल्या आमच्या घराचा वरचा मजला एका कुटुंबाकडे, हिंडलग्याचं कौलारू घर गंगाक्कांकडे, आणि निपाणीचं घर कुणाकडेच नाही, कारण त्याला अजून छप्पर नव्हतं. उरलेल्या खालच्या दोन खोल्या आणि त्यांच्यामधला बोळ आमचा. त्या बोळातही निपाणीच्या घरासाठी घेऊन ठेवलेल्या सागवानी चौकटी भिंतीला टेकवलेल्या असत. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जेवणाची ताटं न्यायची तर अंग चोरून जावं लागे. आईच्या पदराला त्या लाकडाचा भुसा लागायचा आणि घरात फोडणीच्या वासाबरोबर ताज्या सागाचा वास असायचा. मागच्या गल्लीत दिवसभर मागांचा खटखटाट. वीज गेली की माग थांबायचे आणि एकदम इतकी शांतता व्हायची की आम्ही तिघं बोलायचं थांबून एकमेकांकडे बघायचो. त्या दिवसांची आठवण काढली की मला तीच शांतता आधी ऐकू येते.

आमच्या गावात घर दोन तऱ्हांनी देतात. एक भाड्यानं, ते सगळीकडेच असतं. दुसरी तऱ्हा लीजची. लीजवर येणारा महिन्याला काही देत नाही. येतानाच एक मोठी रक्कम मालकाच्या हातात ठेवतो, तीन वर्षं बिनभाड्यानं राहतो आणि जाताना तीच रक्कम जशीच्या तशी परत नेतो. व्याज नाही, भाडं नाही. कोल्हापूरकडचे पाहुणे आले की त्यांना हे समजावून सांगताना आप्पांना फार आनंद व्हायचा. आप्पा वीज खात्यात हेडक्लार्क होते. पगार बेताचा, पण डोकं सतत घरांत. वरचा मजला लीजवर दिला, ते चाळीस हजार आणि पीएफमधून काढलेले तीस घालून हिंडलग्याचं घर घेतलं. हिंडलग्याचं घर पन्नास हजार लीजवर दिलं, त्यातून निपाणीच्या वेशीवर प्लॉट घेतला आणि भिंती उभ्या केल्या. निपाणीचं घर लीजवर गेलं की चौथं घ्यायचं, तेही त्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. एखादा लीजवाला जायला निघाला तर आधी नवा बघायचा, नव्याची रक्कम जुन्याच्या हातात ठेवायची. "घर आपलं, पैसे आपले," ते म्हणायचे. "आणि बँकेचा एक रुपया डोक्यावर न्हाय."

हे शेवटचं वाक्य ते खरंच मनापासून बोलायचे. त्यात फसवाफसवी नव्हती. आमच्याकडे लीजच्या पैशाला कुणी कर्ज म्हणतच नसे. कर्ज म्हणजे सोसायटीचं, सावकाराचं, ज्याला व्याज लागतं ते. लीज जमली की आप्पा येताना कुंद्याचा पुडा आणायचे. खव्याचा गरम कुंदा, कडेला जरा करपलेला, आई वाटीत काढून द्यायची. त्यामुळं लहानपणी माझ्या मनात लीज आणि कुंदा एकच होतं. कुणाचे तरी पैसे घरात आले की गोड खायचं.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला ताळेबंद शिकवायला लागले तेव्हा मी वर्गात सहज विचारलं, "सर, घर लीजवर दिल्यावर मालकाला आलेले पैसे कुठल्या बाजूला?" सर फळा पुसत होते. वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. म्हणाले, "परत द्यायचे हायत का? मग देण्यात. दुसरीकडं कुठं घालतेस?" मागच्या बाकावरची पोरं हसली. मी खाली बसले आणि वहीच्या कोपऱ्यात आमच्या घराचं मांडून बघितलं. देण्याच्या बाजूला नव्वद हजार. समोरच्या बाजूला तीन घरं, पण त्यातल्या एकाही घराचे रातोरात पैसे होण्यासारखे नव्हते. हातात काय, तर आप्पांचा पगार. मी ते खोडून टाकलं. घरी येईपर्यंत मला कसंतरी होत होतं, जसं जिना चढताना आणखी एक पायरी आहे असं वाटून पाय पोकळीत पडतो तसं. त्या संध्याकाळी मी आप्पांना विचारलं, "आप्पा, गंगाक्का उद्या पैसे मागायला आल्या तर?" ते हसले. "उद्या का येतील? त्यांचा करार मेपर्यंत हाय. आणि मेच्या आत मी दुसरा गडी बघतो की."

त्यानंतर जेमतेम महिन्यानं मोजणीवाले हिंडलग्यात आले. मोठा रस्ता जाणार असं कुणीतरी म्हणायचं, कुणी म्हणायचं नुसती पाहणी आहे. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आले, साखळी टाकली, डबा उघडला आणि गंगाक्कांच्या कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगात एक बाण आणि एक आकडा काढून निघून गेले. कागद नाही, नोटीस नाही. आप्पा ऑफिसातून परस्पर तिकडे जाऊन आले. जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. आईनं विचारलं, "काय लिवलंय?" ते म्हणाले, "एक्काहत्तर." "म्हंजे काय?" "म्हंजे काय ते मला तरी कुठं ठावं?"

आकडे हाच पुढे माझा धंदा झाला. हिशेबनीस म्हणून तीस वर्षं काढली. पण ज्याच्यापुढे रुपये नाहीत, फूट नाहीत, टक्के नाहीत, असा नुसता उघडा आकडा बघितला की आजही मी आधी त्याचं माप कुठं लिहिलंय ते शोधते.

गंगाक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. धारवाडकडच्या, विधवा, मुलगी तिकडेच दिली होती. निवृत्त झाल्यावर हातात आलेले सगळे पैसे त्यांनी हिंडलग्याच्या लीजला दिले होते. मे महिन्यात करार संपला की पैसे घेऊन धारवाडला जायचं आणि मुलीच्या शेजारी खोली बांधायची, हे त्यांचं पहिल्यापासून ठरलेलं. आमच्याकडे आल्या की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायच्या, तोही बशीत ओतून, आणि आईच्या गुडघ्याला काय लावायचं ते सांगायच्या. लाल आकडा पडल्यावर चौथ्या दिवशी त्या आल्या आणि आत न येता बाहेरच्या पायरीवर बसल्या. आईनं चहा नेला. त्यांनी हात आडवा केला. कानडीत म्हणाल्या, "बेडा."

"का आक्का? साखर कमी घातलीय की."

"चहा नको मला. अण्णांना सांगा, मी आलोय." आप्पांना त्या अण्णा म्हणायच्या, आणि बाई असून 'मी आलो, मी देतो' म्हणायची त्यांची तऱ्हा होती.

आप्पा बाहेर गेले. "आक्का, अजून दोन महिने हायत कराराला."

"हायत की. पण भिंत हाय का दोन महिने? ती पाडली तर मी कुणाच्या घरात बसू, आणि माझे पैसे कुठं शोधू? दगडात?" आवाज चढला नव्हता. दवाखान्यात पेशंटला सांगावं तसं त्या बोलत होत्या, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "तुम्ही पैसे द्या. मी चावी देतो. भांडण न्हाय आपलं."

"देणार की. बुडवणार हाय का मी?"

"तसं कोण म्हणालंय?" त्या उठल्या. चहाचा कप पायरीवर तसाच. साय धरली त्याच्यावर.

मग त्या रोज संध्याकाळी यायला लागल्या. आमच्या फाटकाची कडी ज्याच्या त्याच्या हातात वेगळी वाजायची. आप्पा ती एका झटक्यात काढायचे, वरची पोरं दोनदा आपटायची. गंगाक्का हळूच उचलायच्या, लोखंडाला लोखंड घासल्याचा बारीक आवाज यायचा, बस्स. तो आवाज आला की आप्पा उठून मागच्या मोरीत हात धुवायला जायचे, धुतलेलेच हात पुन्हा. आई चहा टाकायची, रोज, आणि रोज तो कप परत यायचा. आमच्याकडे माणूस भांडून जातो, चार शिव्या देतो, पण चहा घेतो. पैशासाठी आलेल्या बाईनं चहा नाकारला हे आईला पैशापेक्षा जास्त लागलं होतं. ती तो गार चहा ओतून द्यायची नाही. स्वतः प्यायची, उभ्यानं, माझ्याकडे पाठ करून.

आप्पांनी धडपड केली नाही असं नाही. एजंटानं दोन माणसं हिंडलग्याला नेली, दोघंही कुंपणाशी थांबून आकडा वाचून परत फिरली. सोसायटीच्या मॅनेजरनं घर कुठलं ते विचारलं आणि फाईल न उघडताच बाजूला सरकवली. मग एका रविवारी आप्पा मला घेऊन निपाणीला गेले. माझा मामा बोरगावहून आला होता. हवेत तंबाखूचा उग्र वास, मी सारखी शिंकत होते. आमच्या घराच्या भिंती माझ्या खांद्याएवढ्या, आतून रुईची झाडं उगवलेली. मामानं चारी बाजूंनी फिरून बघितलं. "दाजी, गिऱ्हाईक हाय. पण निम्म्या किमतीला मागतंय."

"निम्म्याला? माझ्या विटाच तेवढ्याच्या हायत."

"मग विटा विका," मामा म्हणाला. "प्लॉट एनए न्हाय, अजून शेतीचाच हाय, कागद अर्धा, घर अर्धं. पुरी किंमत कोण देईल? आणि निम्म्याला दिलं तरी पैसे सहा महिन्यांनी."

परत येताना एसटीत आप्पा तिकिटाच्या मागं आकडे मांडत होते. हत्तरगीच्या पुढं त्यांनी मला विचारलं, "शैले, तू कॉमर्सला हायेस. काय सुचतंय का तुला?" त्यांनी हे थट्टेनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी सोळा वर्षांची होते आणि माझे वडील मला खरोखरच विचारत होते.

मग एक दिवस संध्याकाळी कडी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुटका वाटायला पाहिजे होती, पण आप्पांची भीती दुप्पट झाली. वकिलाकडे गेल्या असतील काय? जिवाचं काही बरंवाईट? तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सायकलवरून हिंडलग्याला पाठवलं. "नुसतं बघून ये. काय बोलू नको."

दार आतून बंद होतं. मी हाका मारल्या. आत काहीच हालचाल नाही. हिंडलग्याच्या तुरुंगाकडून घंटेचे टोल आले आणि मला वाटलं आपण सायकल टाकून पळत सुटावं. मग खिडकीची फळी उघडली. "कोण? शैला? एकटीच हायेस?" दार उघडून त्यांनी मला आत ओढलं आणि पुन्हा कडी घातली. घरात ट्रंका बांधून ठेवलेल्या. डोळे सुजलेले. मला वाटलं आजारी आहेत. आजारी नव्हत्या. रस्त्यावर एक मोठं मशीन येऊन उभं राहिलं होतं, नाल्याच्या कामासाठी. पण त्यांना वाटलं ते घर पाडायला आलं, आणि त्या दिवसापासून त्या भाजीलासुद्धा बाहेर पडल्या नव्हत्या. आत माणूस असल्यावर भिंत पाडणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. पन्नास हजारांवर अशा त्या बसून होत्या.

"खाल्लंयस काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी शिळी ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि दही माझ्यापुढे ठेवलं. "खा. तुमच्या घरचा चहा मी घेत न्हाय, पण तू लेकरू हायेस. तुझ्यावर कसला राग?" मी खाऊ लागले. त्या समोर जमिनीवर बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "एक सांग. खरं सांग. तुझ्या आप्पाकडं माझे पैसे हायत का न्हाईत?"

घास तोंडात होता. आप्पांनी बोलू नको म्हणून सांगितलेलं. मी हळूहळू चावत राहिले, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. पण चटणी तिखट होती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी म्हणाले, "न्हाईत आक्का. ते निपाणीच्या भिंतीत हायत. अर्ध्या भिंतीत."

त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं, "एक रुपया पण न्हाय?" मी म्हणाले, "चौकटी हायत. सागवानी. बोळात." हे ऐकून त्यांना हसू आलं. खोटं सांगत नाही, खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून, आणि मग ते हसणं रडण्यात गेलं. "अय्यो देवा," त्या म्हणाल्या, "एवढं तरी कळलं. आता जा. आईला सांग मला कळलंय म्हणून."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. "तुला बोलू नको म्हणालो होतो न्हवं? आता ती गावभर सांगल. वरचे पण उद्या पैसे मागतील. मग काय करायचं? सगळेच दारात!" मी त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, असं घाबरलेलं कधी नाही. आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"पोरगी खरं तेच बोलली न्हवं?"

"खरं बोलून पैसे येतात काय?"

"न्हाय येत. पण खोटं बोलून आलते ते पण गेलेच की." मग ती घराकडे बघू लागली, म्हणजे चुलीकडे, फळीकडे, देवाच्या कोनाड्याकडे. "ह्या दोन खोल्यांना लीज किती यील?"

आप्पांना पहिल्यांदा कळलंच नाही. "कुठल्या?"

"ह्याच. आपण बसलोय ह्या. बाजार जवळ, शाळा जवळ. भिंतीवर आकडा न्हाय. हिंडलग्याला कोण जात न्हाय तर आपण जाऊ."

"अगं, ते पाडतील!"

"पाडतील तवा बघू. ते पन्नास हजार आपले न्हाईत. आक्काचे हायत, आधी ते देऊ."

आठवड्याच्या आत माणसं खोल्या बघायला आली. ती सकाळ मी विसरलेले नाही. एक ठेंगणी बाई आईच्या स्वयंपाकघरात शिरली, नळ सोडून बघितला, फडताळ उघडून पिठाच्या डब्यांच्या मागं ओल आहे का ते बोटानं चाचपलं, आणि आई दाराशी उभी राहून तिला सांगत होती, "पाणी सकाळी लई जोरात येतंय बघा." जणू ती स्वतः इथं राहतच नव्हती. आप्पा बाहेर फाटकाशी उभे. पंचेचाळीस ठरले. उरलेल्या पाचासाठी चौकटी सुताराला दिल्या. बोळ रिकामा झाला तेव्हा तो किती रुंद होता ते समजलं, आणि दोनच दिवस आम्ही त्यातून सरळ चाललो. त्या दिवशी कुंदा आणला नाही. त्यानंतर आप्पांनी तो कधीच आणला नाही.

टेम्पो एकच केला. आमचं सामान हिंडलग्याला उतरवायचं आणि त्याच टेम्पोतून गंगाक्कांच्या ट्रंका स्टँडवर न्यायच्या, भाडं निम्मं निम्मं. आप्पांनी पैशाचं पुडकं त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोनदा मोजलं, आमच्यासमोर, जराही न लाजता, आणि पोलक्यात ठेवलं. मग चावी आईला दिली. आई चावी घेऊन दारातच थांबली. पुढं होईना. गंगाक्कांनी तिचा चेहरा बघितला.

"दूध आणलंयस?"

"कशाला आक्का? पाडायच्या घरात कसलं दूध उतू घालायचं?"

"घर हाय तवर घर हाय," त्या म्हणाल्या. ट्रंकेवरची पिशवी सोडून त्यांनी स्वतःचा स्टोव्ह परत बाहेर काढला. टेम्पोवाला ओरडायला लागला, "मावशी, उशीर होतोय!" "थांब रं, तुझी बायको वाट बघत न्हाय," असं म्हणून त्यांनी शेजारून अर्धा लिटर दूध आणायला मलाच पिटाळलं. आम्ही चौघं त्या रिकाम्या खोलीत स्टोव्हभोवती उभे राहिलो. दूध वर आलं, कडेवरून उतू गेलं, ज्योत फरफरली. आईनं हात जोडले. आणि उरलेल्या दुधात गंगाक्कांनी पत्ती टाकली, साखर टाकली, बशीत चहा ओतला आणि उंबऱ्यावर बसून फुर्र फुर्र करत सगळा प्यायल्या. आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

परवा माझ्या मुलानं मला लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला. पहिल्या फ्लॅटच्या भाड्यातून दुसऱ्याचा हप्ता, दुसऱ्याच्या भाड्यातून तिसऱ्याचा, सगळं रंगीत आणि बरोबर जुळणारं. मी विचारलं, "आणि दोन महिने कुणी भाडेकरू आलाच नाही तर?" तो म्हणाला, "आई, तू सारखी घाबरतेस." घाबरते. माझ्याकडे भाडेकरूंच्या अनामती आहेत, त्या वेगळ्या खात्यात पडून असतात. त्यांना मी हात लावत नाही. मे महिना आला की खात्यात आहेत ना, ते उघडून बघते.

हिंडलग्याच्या घरात आम्ही अकरा वर्षं राहिलो. रात्री रस्त्यावरून जड गाडी गेली की तिघंही जागे व्हायचो आणि आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहायचो. मोठा रस्ता पुढे झाला, पण पलीकडच्या शेतांतून गेला. निपाणीचा प्लॉट आप्पांनी एनए करून विकला आणि शहापुरातल्या वरच्यांचे नि खालच्यांचे पैसे फेडून टाकले. चौथ्या घराचं नाव पुन्हा काढलं नाही. पहिल्या दिवाळीला त्यांनी कुंपणाला स्वतः चुना दिला आणि लाल आकड्याभोवती हातभर चौकोन तसाच सोडला. आई म्हणाली, "फासा की त्याच्यावर." आप्पांनी कुंचला बादलीत बुडवला आणि मान हलवली. "ते आपलं न्हाय."

यंदा हिंडलग्याच्या घराला रंग द्यायला काढला तेव्हा रंगारी त्या चौकोनाशी येऊन थांबला. आकडा आता इतका फिका झालाय की तिरप्या उन्हातच दिसतो. "बाई, हे पण मारून घेऊ?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "नको. तेवढं सोड. ते आपलं नाही."